धाकट्याचा सूर

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर एकच स्वर वाजवत आला. पूर्वी हे मी चार लोकांत चेष्टेने सांगायचो आणि लोक हसायचे. पण त्याचं काम खरंच तेवढंच. आमच्या ताफ्यात मी सनई वाजवतो आणि तो सूर धरतो. सूर म्हणजे दिसायला सनईसारखंच वाद्य; त्यातून एकच स्वर काढायचा आणि गाणं चालू आहे तोवर तो तुटू द्यायचा नाही. गालांत हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांतून हवा सोडत राहायची. गाणं माझं, बोटं माझी, मान डोलावणं माझं, आणि कुणी दाद दिली तर तीही माझी. लग्नांच्या फोटोंत मी असतो आणि माझ्या शेजारी त्याचा एक गुडघा असतो.

सोलापुरात आमचं घर तीन पिढ्यांचं वाजवणाऱ्यांचं. शहरातली लग्नं, देवळातली सकाळची पूजा, श्रीपूरकडे साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम, माढ्याकडची बारशी. कानडी घर असेल तर कानडी गाणं, तेलुगू घर असेल तर तेलुगू, दोन्ही मला बोटावर पाठ. धाकट्याला तीही तोशीस नाही. कुणाचंही लग्न असो, त्याचं तेच.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ही वाटणी केली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि तो आठ. मला सनई, त्याला सूर. कारण विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि मला विचारावंसं वाटलंही नाही. माझी बोटं चलाख आहेत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. या समजुतीवर मी पन्नास वर्षं काढली, आणि अगदी सुखात काढली.

ताफ्याचा एक नियम आहे. गाणं संपलं की मी सनई दोन्ही हातांत धरून कपाळाला लावतो, तेव्हाच सूरवाल्याने सूर सोडायचा. त्याआधी नाही. मी मधेच खोकलो, सनईच्या तोंडाची पत्ती बदलली, नवऱ्याच्या मामाशी वाद घातला, तरी त्याने चालूच ठेवायचं. एकदा अकलूजच्या एका लग्नात अक्षता पडल्या आणि कुणीतरी मला हाक मारली, म्हणून मी सनई तशीच खाली ठेवून उठून गेलो. ओळखीची माणसं भेटली, चहा झाला, गप्पा झाल्या. परत आलो तर धाकटा डोळे मिटून बसलेला, सूर चालू, आणि मांडवातली निम्मी माणसं पंगतीला गेलेली. संबळवाला हैराण होऊन म्हणाला, "अवो, थांबवा की ह्याला, मघापासनं हाका मारतुय." मी मोकळेच हात कपाळाला लावले, तेव्हा गडी थांबला. ही गोष्ट सांगून आम्ही वर्षानुवर्षं हसलो. तोही हसायचा.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका मंगल कार्यालयात लग्न होतं. आमचं वाजवून झालं होतं आणि आम्ही मागच्या व्हरांड्यात पानावर बसायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक बाई आली. चाळिशीची असेल. केस बारीक कापलेले, साडी कुणीतरी नेसवून दिल्यासारखी. सरळ खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "हितं बसू का?" मला वाटलं, चेष्टा करते आहे. मग कळलं की ती परदेशात वाढलेली, तिकडेच संगीत रचणारी, आणि तिला मराठी शिकवली ती तिच्या सोलापूरच्या आजीने. त्यामुळे बोलणं आमच्यासारखं आणि उच्चार गोऱ्या माणसाचे.

"तो लांब सूर कोण धरत होतं?" तिने विचारलं.

"सूर व्हय? ते माझं धाकटं भावंड. सनई मी वाजवत होतो."

"ते ऐकलं मी. लई छान. पण मला सूर ऐकायचा हाय. नुसता."

नुसता सूर! साठ वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाजव बाबा, पाहुणी हौशी दिसते. तिने फोन फरशीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. धाकट्याने सूर लावला. आत पत्रावळ्या वाढल्या जात होत्या, मुलं पळत होती, आणि ही बाई डोळे मिटून बसली ती बसलीच. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील. मी सनई पुसली, पत्ती ओली केली, मांडी बदलली. शेवटी कंटाळून हात कपाळाला लावले तेव्हा तो थांबला. मग मी घाईघाईने माझी हुकमाची चीज सुरू केली, जिच्यावर भल्याभल्यांनी माना डोलावल्या आहेत.

तिने फोन उचलला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि फोन पिशवीत टाकला. माझं वाजवणं तिने ऐकलं, नाही असं नाही. पाहुण्यांच्या घरी मुलाला कविता म्हणायला लावतात आणि आपण हसऱ्या चेहऱ्याने ऐकतो, तसं ऐकलं. त्या दिवशी जेवणात काय होतं ते मला आठवत नाही, फोन पिशवीत जाताना मात्र अजून दिसतो.

सात-आठ महिन्यांनी तिचा फोन आला, धाकट्याला. तिने सव्वीस मिनिटांची एक रचना लिहिली होती. बावीस तंतुवाद्यं आणि मधोमध एक सूर. सूर म्हणजे धाकटा. पहिला प्रयोग सोलापुरातच करायचा, आजीच्या गावात. पुण्या-मुंबईचे आणि काही बाहेरचे वादक येणार होते. धाकटा तिला म्हणाला, "अण्णाला इचारतो आन् सांगतो."

अण्णा म्हणजे मी. आणि त्याने खरंच विचारलं. मी त्याला न्यूमोनियाची आठवण करून दिली. आदल्या हिवाळ्यात तो चांगला आठवडाभर दवाखान्यात होता. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणालेत? छातीवर ताण नको. आन् सव्वीस मिन्टं सलग? तुला काय हौस हाय का मरायची?" त्यावर तो म्हणाला, "तू न्हाई म्हन, मी न्हाई म्हनतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. मला काही "नाही" म्हणवेना. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "भावाच्या छातीची काळजी न्हाई ती. तुमच्या पोटात दुखतंय." मी तिला गप्प बस म्हटलं. खरं तेच बोलली होती.

मग सुरू झाली धाकट्याची मिरवणूक. एका वार्ताहराने त्याची मुलाखत घेतली आणि ती चित्रफीत सगळ्या नातेवाईकांच्या फोनवर फिरली. अक्कलकोटच्या आत्याने मला कौतुकाने पाठवली. मी ती देवळाच्या पायरीवर बसून पाहिली. वार्ताहर विचारतो, तुम्ही सूरच का निवडला? धाकटा खुर्चीच्या टोकावर बसलेला, हात मांडीवर, लाजून हसतोय. म्हणतो, "मी कुटं निवडला? आमच्या आप्पांनी दिला. आप्पा म्हनायचे, थोरल्याला सूर धरवत न्हाई, तेला दम न्हाई निघत, सारकी चुळबुळ. म्हून तेला सनई द्या, बोटं हलवत बसू दे. सूर कुनी तरी धराय पायजे."

मी ती फीत तीन वेळा पाहिली. त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. त्याच्या मते ही आप्पांची एक साधी आठवण होती. मी मात्र त्या पायरीवर बासष्टाव्या वर्षी नापास झालो. आप्पा असते तर भांडलो असतो. ते नव्हते, म्हणून मी धाकट्याचा राग केला. त्याचा काय दोष, असं मन म्हणायचं, आणि मग त्याचाच आणखी राग यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तालमीला गेलेला असताना मी त्याचा जुना सूर काढला आणि गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि स्वर लावला. सुरुवात झकास झाली. श्वासाची पद्धत मला येते, सनईतही ती लागतेच. पण थोड्याच वेळात बोटांना काम हवंसं झालं. मग पायाचा अंगठा हलायला लागला. मग शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे लक्ष गेलं, एक चिमटा निसटला होता. मग वाटलं, हा स्वर जरा वर नेऊन बघावा. आणि माझ्याही नकळत मी तान घेतली. खाली बायकोच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दम पुरत होता, मीच पुरत नव्हतो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बायको वर आली, कपडे गोळा केले आणि खाली गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या तालमीच्या दिवशी धाकटा म्हणाला, "अण्णा, तू चल. म्होरं बस. मला बरं वाटंल." मी गेलो. नाट्यगृहात बावीस जण अर्धवर्तुळात बसले होते, मधे एक पाट, पाटावर आमचा धाकटा. बाई स्वतः समोर उभी राहून हात हलवणार होती. आधीच्या तालमी वाद्यं बसवण्यातच गेल्या होत्या, शेवटापर्यंत त्या दिवशी पहिल्यांदाच जायचं होतं. मला पहिल्या रांगेत डाव्या हाताला बसवलं. लग्नात मी त्याच्या डावीकडेच बसतो, म्हणून त्याने तीच जागा सांगितली होती.

रचना सुरू झाली आणि मला हसू आलं. नवरदेव घोड्यावर बसलाय, वरात तयार आहे आणि घोडा काही जागचा हलत नाही, असा तो प्रकार. आधी धाकट्याचा सूर एकटाच. बऱ्याच वेळाने एका व्हायोलिनने कुठून तरी एक स्वर आणला आणि त्याच्याखाली ठेवला. मग दुसरं व्हायोलिन. मग ती मोठी, जमिनीवर टेकवून वाजवायची वाद्यं. ताल नाही, मुखडा नाही. एक स्वरमेळ बदलून दुसरा कधी झाला ते बदलून गेल्यावरच कळायचं. शेवटी एकेक वाद्य थांबत गेलं, धाकटा एकटा उरला, बाईने दोन्ही हात हळूहळू खाली आणले, आणि संपतंय असं दिसल्यावर मी सवयीने हात जोडून कपाळाला लावले. धाकटा थांबला.

"अगदी बरोबर!" बाई ओरडली. "तुमाला कसं कळतं हो, काका? माझ्या हाताबरोबर थांबलात." वादकांनी आपापल्या वाद्यांवर टकटक केली, ती म्हणे त्यांची टाळी. धाकटा नुसता हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पन्नास वर्षं माझ्या हाताखाली काम केलं आणि चार दिवसांत दुसरीच्या हाताला शिकला! तिने त्या दिवशी शेवट पाच वेळा करून घेतला. पाचही वेळा मी हात जोडले आणि पाचही वेळा तिने त्याची पाठ थोपटली.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी, त्यामुळे निम्मी माणसं पोराबाळांसह आणि चिवड्याच्या पुड्यांसह आली होती. दारात एक पुस्तिका मिळाली. पहिल्या पानावर धाकट्याचा फोटो, एकट्याचा. काळा नवा कुर्ता, हातात सूर, कडेला कुणाचाही गुडघा नाही. माझं नाव शेवटच्या पानावर 'विशेष आभार' खाली, मंडपवाल्याच्या नंतर आणि चहावाल्याच्या आधी. ते वाचून मी पुस्तिका मिटली आणि हाताची घडी घातली. आज दादही द्यायची नाही, टाळी नाही, काही नाही, असं ठरवूनच टाकलं. बायको शेजारी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून बसली.

पहिल्या पाच मिनिटांत माणसं चुळबुळायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "आवो, गाणं कवा सुरू हुनार?" कुणाचा तरी फोन वाजला. चिवड्याची पुडी उघडल्याचा आवाज आला. मला त्याचा किती आनंद झाला म्हणून सांगू. पडणार हे, मी मनात म्हटलं, चांगलं तोंडावर पडणार. पण दहाएक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की खोकला थांबलाय. पुड्या थांबल्यात. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती.

आणि मीही ऐकत होतो. हे लिहायला मला जड जातंय. व्हायोलिनं खाली सरकली की धाकट्याचा स्वर उजळ वाटायचा, ती मोठी वाद्यं आली की तोच स्वर दुखरा वाटायचा, आणि धाकट्याने तर काहीच बदललं नव्हतं. तो होता तिथेच होता. मला कळेना, हे माझ्या शेजारी पन्नास वर्षं चालू होतं आणि मी ऐकलं कसं नाही? उत्तर सोपं होतं. मी वाजवत होतो. मी सतत वाजवतच होतो. आप्पांचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं असल्याचा पुरावा चारशे माणसांदेखत सव्वीस मिनिटं माझ्यासमोर बसला होता. मला रडू येत होतं, आणि ज्याच्यामुळे येत होतं त्याचा मला त्या क्षणी जितका हेवा वाटला तितका जन्मात कुणाचा वाटला नाही.

शेवट आला. एकेक वाद्य थांबलं. धाकटा एकटा उरला. बाईने हात खाली आणले, अगदी मांडीपर्यंत.

तो थांबला नाही.

बाई तशीच उभी. तिने मान किंचित हलवली, ओठ हलवले. त्याचे डोळे मिटलेले होते. मग त्याने डोळे उघडले आणि बाईकडे पाहिलंच नाही. त्याने डावीकडे पाहिलं. माझ्याकडे.

तेव्हा मला उमगलं. त्या तालमीत तो एकदाही बाईच्या हाताकडे बघून थांबला नव्हता. माझे हात कपाळाला लागले की तो थांबत होता, पाचही वेळा. ती कौतुक करत होती ते माझ्या हातांचं. आत्ताही तो माझीच वाट बघत होता. बावीस वादक, परदेशातून आलेली बाई, चारशे माणसं, सगळी गेली खड्ड्यात. थोरल्याने थांब म्हटल्याशिवाय तो थांबणार नव्हता.

आणि मी हाताची घडी सोडली नाही.

मला कळलं नाही म्हणून नाही. चांगलं कळलं होतं. मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी बरं वाटत होतं! आता बघू तुझा दम, असं मी मनात म्हटलं. हे शब्द मी सख्ख्या भावाला उद्देशून म्हटले. त्याच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो डोळे न मिटता माझ्याकडे बघत होता. बायकोने मला कोपराने ढोसलं. "अवो, हात जोडा की." मी हललो नाही. "अवो, तेची छाती!" ती जवळजवळ रडतच म्हणाली. मी समोर बघत राहिलो. दोन मिनिटं झाली की चार, मला सांगता येणार नाही. नाट्यगृहात त्या एका स्वराशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं.

मग स्वर थरथरला. पातळ झाला, आणखी पातळ झाला, त्यात नुसती हवा ऐकू यायला लागली आणि तो तुटला. धाकट्याचा सूर माझ्या खुणेशिवाय थांबला तो त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा. सूर त्याच्या मांडीवर पडला आणि तो तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला.

 आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माणसं उभी राहिली. पुढची म्हातारी उभी राहून डोळे पुसत होती. बाई त्याच्या पाटाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की तिला या रचनेचा शेवट वर्षभर सापडत नव्हता, तो आज काकांनी दिला, आणि आता तो हाच राहील. आयोजकांनी त्याच्या अंगावर शाल आणि चादर घातली. तो त्यांच्याखाली लहान मुलासारखा दिसत होता.

मी आत गेलो तेव्हा मनाची तयारी करून गेलो होतो. तो शिव्या घालील, रडेल, बोलणं सोडील; काहीही केलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तो कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी कुर्त्यावर सांडत होतं. खालचा ओठ फुटून रक्त आलं होतं. मला पाहून तो उठायला लागला. मी म्हटलं, "बस." 

"अण्णा," तो म्हणाला. त्याला एका दमात वाक्य बोलता येत नव्हतं. "तू हात जोडलं न्हाईस. मला वाटलं... तुला अजून ऐकायचं हाय."

 तो टोमणा मारत नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही.

"कवा ऐकलं न्हाईस न्हवं, म्हून." तो म्हणाला. "म्हटलं, ऐकतोय तर ऐकू दे. मग सोडवंना मला."

बायको दारात उभी होती. माझ्या तोंडून काय निघतंय ते तिला ऐकायचं होतं. मी म्हणालो, "व्हय. ऐकायचं व्हतं." धाकट्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते शालीने आलं नव्हतं आणि टाळ्यांनीही आलं नव्हतं. बायकोने आजवर तो विषय काढलेला नाही.

त्यानंतर ही रचना पुण्यात झाली, मुंबईत झाली, दोनदा परदेशात झाली. शेवटी वाद्यं थांबल्यावर सूर एकटा चालू राहतो आणि आपोआप तुटतो, हे आता कागदावर छापलेलं आहे. धाकटा मला सगळीकडे नेतो. अण्णाचं तिकीट काढलं नाही तर मी येत नाही, असं त्याने बाईला सांगून ठेवलंय. मी पहिल्या रांगेत डावीकडे बसतो आणि हात मांडीवर ठेवतो. प्रयोग झाल्यावर लोक त्याला त्या शेवटाबद्दल विचारतात, आणि तो माईकवर प्रत्येक ठिकाणी तेच सांगतो: त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाला अजून ऐकायचं होतं, त्याने मला थांबवलं न्हाई, म्हून मी धरून ठेवला. कुणीतरी ते त्यांच्या भाषेत सांगतं आणि लोक टाळ्या वाजवतात. मग तो माझ्याकडे हात करून मला उभं राहायला सांगतो, आणि मी उभा राहतो.